कुंकू लागलेले खडे

"तूच पी आधी. तुमच्या लोकांना सवय असते."

सर हसून म्हणाले आणि पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास टेबलावर ठेवला. माझा हात पुढे होता. हातात दिला नाही.

समोर आमची वस्ती रिकाम्या घागरी घेऊन उभी. लातूर नवा जिल्हा झालेला, तिथून साहेब आलेले. दुष्काळातही वस्तीला शुद्ध पाणी मिळतं, हे त्यांना बघायचं होतं. ते सरांना इंग्रजीत म्हणाले, हिलाच पुढे ठेवा, फोटोत बरं दिसेल. मला इंग्रजी कळत असेल असं त्यांना वाटलं नाही. वडील मिशनच्या शाळेत शिपाई, म्हणून मी तिथंच इंग्रजीतून शिकले. हे मी कुणाला सांगत नाही. मग लोक माझ्यासमोर मोकळेपणानं बोलतात.

सर तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी त्यांची मदतनीस. गावाच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची शेड होती. तिथलं सांडपाणी विहिरीत उतरलेलं. आणि दुष्काळात पाणी उरलं ते नेमकं त्याच विहिरीला. सरांनी उपाय काढला. आमच्याकडे विहीर खोदताना काळ्या खडकात पांढरे, चमकणारे दगड निघतात. झिओलाइट. त्यांचे खडे करून पिंपात भरायचे, वरून पाणी सोडायचं. खडा शिसं धरून ठेवतो. पण त्याचंही पोट भरतं. भरलं की तो काही धरत नाही. साध्या पाण्याने धुऊन ते शिसं निघत नाही. हे मला सरांनीच शिकवलं होतं.

दोन पिंपं बसवली. एक गावात, एक वस्तीत. विहीर एक, पिंपं दोन. का, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

गावातल्या पिंपाची पूजा झाली. नारळ फुटला. कुणीतरी उत्साहात मूठभर कुंकू आतच टाकलं. वरचे खडे लाल झाले. आमच्या पिंपाची पूजा झाली नाही.

म्हणून त्या सकाळी, साहेब यायच्या आधी, आमच्या पिंपाचं झाकण काढलं आणि मला कळायला वेळ लागला नाही. आत गुलाबी खडे होते.

खडे भरायचं काम गंगाराममामांकडे. ते वस्तीतलेच. त्यांना विचारलं.

"नवे खडे काल गावाच्या पिंपात टाकले. तिथले काढले, धुतले, हिकडं आणले. सर म्हनले, फेकायचे कशाला?" मग माझा चेहरा बघून, "का गं पोरी? लई चांगले धुतलेत की."

मामांचा राग आला नाही. शिळी भाकर, विटलेलं लुगडं, दुसऱ्याच्या पोरीची फाटकी पुस्तकं. आमच्याकडे सगळं असंच यायचं, वापरून झालेलं. खड्यांत मामांना वेगळं काय दिसणार?

मी सरांना गाठलं. "सर, हे खडे भरलेले आहेत."

"आज नको," सर घड्याळ बघत म्हणाले.

तुझी चूक होतेय, असं म्हणाले नाहीत. नुसतं, आज नको. म्हणजे त्यांना माहीत होतं.

आणि आता त्याच पिंपातल्या पाण्याचा तो ग्लास माझ्यासमोर. खरं सांगते, मी प्याले असते. मला चारचौघांत बोलता येत नाही. पिऊन मोकळं होणं सोपं होतं. पण रांगेत पहिली माझी अक्का होती. सातवा महिना. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी प्याले की ती पिणार होती.

पिशवीतून तपासणीची बाटली काढली. ग्लासात चार थेंब टाकले. शिसं असलं की रंग बदलतो. पाणी तपकिरी झालं.

"वेड लागलं का तुला?" सर ओरडले.

मी ग्लास साहेबांपुढे सरकवला. त्यांच्याच इंग्रजीत म्हणाले, यात शिसं आहे, फोटोसाठी आधी तुम्ही प्या. साहेबांचा चेहरा उतरला. पाण्यामुळे की इंग्रजीमुळे, मला अजून नक्की सांगता येत नाही.

मग अक्काकडे वळले. "यातलं भरू नको."

"मग प्यायचं काय गं?"

मी पिंपात हात घातला आणि खडे बाहेर काढायला लागले. थोड्या वेळानं गंगाराममामांनी पोतं आणलं. आम्ही ते भरून सरांच्या जीपमध्ये ठेवलं.

वस्तीनं त्या दिवशी दोन कोसांवरून पाणी आणलं. बायांनी मला शिव्या दिल्या. त्यांचं चूक नव्हतं. माझं काम संध्याकाळच्या आत गेलं. तपासणीची बाटली मी परत केली नाही.

आता वस्तीत येणारी प्रत्येक गोष्ट मी आधी उघडून बघते. पिंप, औषध, कागद. कोण हसून देतंय, तेही बघते. दुसऱ्याचं विष गिळून भरलेला एकही खडा आमच्या पिंपात पुन्हा पडणार नाही. पडला, तर आणणाऱ्यापुढे त्याच पाण्याचा ग्लास ठेवीन. टेबलावर.