मधूचं पालथं घड्याळ

महिन्यापूर्वी मधूच्या बायकोचा, नलिनीवहिनींचा फोन आला. "हे गेले..." एवढंच म्हणाल्या. अजमानहून त्यांच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी पोहोचेपर्यंत मला दुःखापेक्षा भीती जास्त वाटत होती. कुणी त्या बोअरबद्दल विचारलं तर?

मधू माझ्या हाताखाली ड्रिलिंग इंजिनिअर होता. या तेलाच्या देशात जमिनीखालच्या गरम पाण्याच्या उष्णतेवर यंत्रं चालवून इमारती थंड करता येतील, असं तो सांगायचा तेव्हा आम्ही हसायचो. "हबीबी, इथे उन्हाळ्यात नळाचं पाणी चटके देतं. आणखी गरम कशाला हवंय तुला?" मी चिडवायचो. "तेल संपेल साहेब, खालची ऊब नाही संपायची," तो म्हणायचा.

त्याच्या हट्टामुळे वाळवंटात चाचणीची एक बोअर घेतली. खोदताना आत गार चिखल फिरवतात, त्याने खालचा खडक निवतो. म्हणून तापमान मोजण्याआधी बोअर दोन दिवस तशीच सोडायची. अशी वाट बघायची असली की मधू मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवायचा. म्हणायचा, "घड्याळाकडे बघून पारा चढत नाही." पण खोदाई संपली त्याच दिवशी त्याच्या लहानग्या मुलाला, केदारला ताप आला आणि तो घरी गेला. "साहेब, दोन दिवस. हात लावू नका," असं बजावून गेला. संध्याकाळी दुसऱ्या साइटवरून खोदाईच्या यंत्राची, रिगची मागणी आली. मी "यल्ला, खलास, चला आटपा" म्हणालो आणि काही तासांतच तापमान मोजायचं उपकरण खाली सोडलं. आकडा अगदीच कमी आला. रिपोर्टात मात्र मी लिहिलं : दोन दिवसांनंतर मोजलं.

काम बंद झालं. मधूला स्टोअरमध्ये बसवलं. लोक त्याला 'गरमपाणी' म्हणू लागले. त्याने मला एकदाच विचारलं, "थांबला होतात ना, साहेब?" मी म्हणालो, "हो." तो मान हलवून निघून गेला... पुढे इथेच दुसऱ्या कुणी खोदलं, गरम पाणी लागलं, त्यावर इमारती थंड होऊ लागल्या. तेव्हा तो पेढे घेऊन आला. "निघालं बघा साहेब," म्हणाला. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

तेराव्याला केदार माझ्याशेजारी येऊन बसला. "काका, बाबा वॉज रॉंग अबाउट दॅट वेल, राइट?"

समोर खिडकीत मधूचं घड्याळ होतं. हॉस्पिटलला निघताना त्याने काढून पालथं ठेवलेलं, तसंच.

"नाही," मी म्हणालो. "मी थांबलो नव्हतो. रिपोर्ट खोटा होता."

वहिनींच्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला. मी तिथेच बसून राहिलो, केदारच्या बोलण्याची वाट बघत. घड्याळ कुणी सुलटं केलं नाही.