न गळणारे माळवद

दि. ३ जून २०२४. सारजाबाईंनी पांढऱ्या मातीच्या एका ट्रॉलीचे १,८५० रुपये ट्रॅक्टरवाल्या कडुबाला रोख दिले.

हर्सूलच्या गावठाणात त्यांचे दोन खोल्यांचे घर माझ्या घराला लागून आहे. वर माळवद, म्हणजे लाकडी फळ्यांवर मातीचे छत. पावसाआधी त्यावर पांढरी माती पसरून दाबली नाही तर ते गळते. नवरा गेल्यापासून हे काम त्या स्वतः शिडी लावून करतात.

त्या वर्षी जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी सरकारी अनुदान जाहीर झाले. मागच्या खोलीच्या तुळईला वाळवी लागली होती, ती बदलायची होती. अर्ज मी भरून दिला. ऑगस्टमध्ये भर पावसात अभियंता पाहणीला आला.

"मावशी, कुठं गळतं?"

"गळंल कशानं? मी गळू देते व्हय?"

"साहेब, तुळई बघा," मी म्हणालो.

"रकाना छताचा आहे, काका. छत कोरडं आहे."

शेरा पडला : घर सुस्थितीत. अर्ज नामंजूर. मी अपील केले, त्याला उत्तर नाही.

पुढच्या मे महिन्यात कडुबा म्हणाला, "मावशी, औंदा माती टाकूच नका. गळू द्या खुशाल. तवाच सरकारला दिसंल."

"आन् डोस्क्यावर पडलं तर?"

"तर फोटो लई झकास यील!"

"मेल्या, आधी तुझ्या घराचा काढ."

हसल्या, पण माती आणली नाही. जूनभर घरात पातेली मांडून ठेवली. जुलैत तुळई तडकली आणि छताला झोळ आला. मी पुन्हा अर्ज भरला, तोच अभियंता आला. या वेळी उंबऱ्यातूनच म्हणाला, "घर धोकादायक आहे. ताबडतोब रिकामं करा."

"आन् दुरुस्तीचे पैसे?"

"दुरुस्ती राहण्यायोग्य घराची होते, मावशी."

"मंग नवं बांधायला द्या."

"ती योजना वेगळी. तिचे अर्ज मार्चमध्येच बंद झाले."

अनुदानाचे परिपत्रक मी पुन्हा पुन्हा वाचले. दोन्ही शेरे नियमाला धरून आहेत. चूक सापडली असती तर निदान तक्रार तरी करता आली असती.

दोन दिवसांनी उघडीप मिळाली. सारजाबाईंनी तुळईखाली बाभळीचा टेकू दिला, अभियंत्याने दारावर लावलेली घर रिकामे करण्याची नोटीस तशीच राहू दिली आणि कडुबाला हाक मारली. ट्रॉली आता २,१०० रुपयांची झाली होती. त्यांनी १,७०० दिले आणि घमेले घेऊन शिडी चढल्या.

कडुबाचे ४०० रुपये देणे बाकी आहे.