उखर्डू नावाचा इथे कोणी नाही

माझी आई गेली त्या दिवशी मामा मला बोलवायला सुरतच्या कापड मार्केटात आला होता. त्याला सांगण्यात आलं की उखर्डू नावाचा इथे कोणी नाही. तो परत गेला. मी घरी पोचलो तेव्हा आईला जमिनीवर घेतलेलं होतं.

मामा आला तेव्हा मी पेढीवर नव्हतो. मालेगावच्या एका व्यापाऱ्याचं पार्सल ट्रान्सपोर्टवाल्याकडे अडकलं होतं, ते सोडवायला शेठनं मला पाठवलं होतं. परत आलो तर गादीवर सगळे खूश. लोडाला टेकून नागपूरची पार्टी बसली होती. पार्टी म्हणजे बाहेरगावचा घाऊक गिऱ्हाईक. त्याच्यापुढे साड्यांचा ढीग उलगडून पडला होता. मेहताजींनी, म्हणजे पेढीच्या मुनीमजींनी, चष्मा पुसत मला म्हटलं, "अरे उमेश, तू मजा चूकी गयो. एक काका आया था. धोती, टोपी. पूछता है, उकरडो है क्या?"

सेल्समननं पुढचं सांगितलं. "मैं बोला, काका, उकरडो तो नीचे छे, कचरापेटी पासे. जाओ, लई जाओ."

पुन्हा हशा झाला. पार्टी हसली. शेठही हसला. हसताना त्याची नजर माझ्यावर आली आणि तिथून साड्यांवर गेली.

पेढीवर माझं खरं नाव एकट्या शेठला माहीत होतं.

मी विचारलं, "काका कुठे गेला?"

"आगे आगे पूछता जा रहा था. दुकान दुकान."

मी बाहेर पडलो. मामा कोणत्या गाळ्यापर्यंत गेला हे मला विचारावं लागलं नाही. जिथे जिथे तो गेला होता, तिथे अजून हसत होते. एका दुकानात एक जण त्याचा आवाज काढून दाखवत होता. मी त्या दुकानावरून गेलो. मला कोणी ओळखलं नाही. मी उमेश होतो.

मामा सापडला नाही, म्हणून मी घर गाठलं. शहराच्या टोकाला भेस्तानला आमची खोली होती. दाराबाहेर बायका होत्या. मामा गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता. मी उंबऱ्याशी थांबलो. सवयीनं. आतून हाक येईपर्यंत थांबायची सवय होती. हाक आली नाही. मग शेजारच्या मावशीनं मला हाताला धरून आत नेलं.

मावशी म्हणाली, "दुपारपासून एकच विचारत होती. मना उखर्डू कोठे शे? मना उखर्डू कोठे शे?"

मी मामाला म्हटलं, पेढीवर तू का नाही सांगितलंस? आई जातेय, एवढं म्हणाला असतास तर कोणीतरी मला शोधलं असतं.

मामा टोपीकडे बघत म्हणाला, "त्या हसत व्हतात. हसणारासले मी बहीननं मरण काय सांगू?"

मला रडू आलं नाही. पाणी तापवायला सांगितलं, ते मी तापवलं.

हे नाव कुठून आलं ते सांगितलं पाहिजे.

माझ्याआधी आईची तीन मुलं गेली होती. तिघांची नावं देवांची होती. चौथा मी. खानदेशात आमच्याकडे अशा वेळी एक रीत करतात. बाळाला सुपात घालून गल्लीच्या टोकाला उकिरड्यावर ठेवतात. ठेवणारी आत्या मागे न बघता घरी येते. मग दुसऱ्या घरची बाई तिथून जाते, टाकून दिलेलं पोर दिसलं म्हणून उचलते आणि आईच्या दारात येते. आई पदरभर ज्वारी देऊन ते पोर विकत घेते. म्हणजे मूल तिचं नाही. कोणाचंच नाही. उकिरड्यावरचं आहे. ते न्यायला यम कशाला येईल? त्याचं नाव उखर्डू ठेवतात. मी जगलो. आईच्या हिशेबी मी नावामुळे जगलो. या हिशेबावर ती कधी कोणाशी वाद घालत नसे.

वडील सुरतला लूमवर आले, आम्ही मागून आलो. मी लहान असतानाच वडील गेले. आई घरी साड्यांचे धागे कापायची. मला मराठी शाळेत घातलं. तिथले गुरुजी हजेरी घेताना माझ्या नावापाशी थांबायचे. बोटांनी नाक धरायचे. नाक धरूनच माझं नाव घ्यायचे. वर्ग हसायचा. मी "हजर" म्हणायचो. रोज. एकदा मी गप्प राहिलो, तर गुरुजी म्हणाले, "आज गाडी उचलून घेऊन गेली वाटतं." तेव्हापासून मी पुस्तकात डोकं घालायला शिकलो. पुस्तक वाचणाऱ्याला कोणी हाक मारत नाही. बारावी झालो. बाहेरून बी.ए. झालो. पहिला वर्ग मिळाला. त्या कागदावरही तेच नाव होतं.

सुरतेत या नावाला लपायला जागा नव्हती. गुजरातीत उकिरड्याला उकरडोच म्हणतात. धोंडू असतो तर नावाचा अर्थ सांगावा लागला असता. मला तो सांगावा लागला नाही.

शहरात प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी पेढीवर गेलो. सुरत धुऊन काढत होते. वर्षानुवर्षांचे ढीग ट्रकांनी उचलले जात होते. लोक अभिमानानं शहराकडे बघत होते. शेठला महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांशी मराठीत बोलणारा, पत्रं लिहिणारा माणूस हवा होता. त्यानं माझं अक्षर पाहिलं, खूश झाला. मग नाव विचारलं. मी सांगितलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. "अभी अभी शहर साफ हुआ है भाई. और तू ये नाम लेके मार्केट में घूमेगा?"

त्या सकाळी मेहताजी अजून आले नव्हते. आम्ही दोघंच होतो. शेठनं थोडा विचार केला.

"उमेश रख देते हैं. उ तो वही रहा. तेरा कुछ नुकसान नहीं."

मी मान हलवली. घरात आई होती, तिचे डोळे धागे कापून अधू होत चालले होते. नोकरीवर जे देतात ते घ्यायचं. पगार घेतला, नाव घेतलं. फोन वाजला की मी म्हणायचो, "हॅलो, उमेश बोलतोय." माझा आवाज चांगला आहे असं जळगावचे, अकोल्याचे व्यापारी म्हणायचे.

आईला मी सांगितलं. ती हातातली साडी खाली न ठेवता म्हणाली, "आपला घरमा कोनी उमेश नही."

नंतर म्हणाली, "भारी नाव यमले लवकर सापडस."

त्या दिवसापासून तिनं एक सुरू केलं. संध्याकाळी मी आलो की ती मला उंबऱ्याबाहेर थांबवायची. आतून मोठ्यानं हाक मारायची, "उखर्डू!" मी "ओ माय" म्हटल्यावरच आत घ्यायची. मार्केटातून दुसऱ्या नावाच्या मागे जे काही आलं असेल ते बाहेर राहावं म्हणून. चाळीतली पोरं हे बघायला जमायची. मी हळू ओ दिली तर ती पुन्हा हाक मारायची. मोठ्यानं ओ देईपर्यंत सोडायची नाही. मला राग यायचा. शाळेपासून जे नाव दाबत आलो ते ही बाई रोज गल्लीभर ऐकवते. पण उंबरा ओलांडला की ताटात भाकरी असायची.

पेढीवर सकाळी पहिलं काम माझं होतं. गादीच्या वर भिंतीवर शेठच्या आजोबांचा फोटो होता. पगडी, जाड मिशा, चंदनाचा हार. रोज फोटो पुसायचा, अगरबत्ती लावायची. खाली गुजराती अक्षरांत नाव होतं. स्वर्गस्थ शेठ श्री कचरादास. मला गुजराती वाचता येत होतं. पहिल्याच दिवशी वाचलं होतं. एकदा मेहताजींना विचारलं, असं नाव का? ते हात जोडून म्हणाले, "एमना पहेला छोकरां जीवतां नहोतां. पछी कचरामां मूकीने पाछा लीधा." त्यांच्याआधीची मुलं जगत नव्हती. मग कचऱ्यात ठेवून परत घेतलं.

मी अगरबत्ती लावली.

दहाव्याला आम्ही तापीच्या काठावर गेलो. पिंड ठेवले. कावळा शिवेना. नातेवाईक एकेक सुचवू लागले. "लग्न करीन म्हण." "तिला धाकट्या बहिणीची काळजी असेल, म्हण मावशीकडे बघेन." मी सगळं म्हटलं. कावळा बाजूच्या झाडावर होता, हलला नाही. मामा माझ्या कानाशी आला. म्हणाला, तू कोण आहेस ते तिला सांग. ती तुलाच शोधत होती.

मी मोठ्यानं म्हटलं, "माय, मी उखर्डू."

आजूबाजूला दुसऱ्यांचे दहावे चालू होते. दोघा-तिघांनी वळून पाहिलं. एक जण हसला आणि त्यानं तोंडावर उपरणं घेतलं.

कावळा उडाला आणि शेजारच्यांच्या पिंडावर बसला. आमच्या पिंडाला भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मामा रडत होता. मला वाटलं, ठीक आहे. मी कोण आहे ते आता कोणाला पटवायचं राहिलं नाही.

तेरावं झाल्यावर मी पेढीवर गेलो. डोकं भादरलेलं होतं. शेठ चांगलं वागला. जवळ बसवलं, चहा मागवला.

"माँ का सुनके बहोत बुरा लगा, उमेश. वो जो काका आया था, वो तेरा मामा था?"

मी म्हटलं, "आपको मालूम था."

"मामा है वो कैसे मालूम होगा?"

"किसको ढूँढ रहा था, वो मालूम था."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पार्टी बैठी थी."

तो खोटं बोलला नाही. पार्टी बसली होती. पार्टीसमोर उकिरड्याचं नाव आपल्या गादीशी जोडायचं नाही, एवढंच त्यानं पाहिलं. माझी आई त्या वेळी जिवंत होती. ट्रान्सपोर्टवाल्याकडे मला निरोप आला असता आणि मी रिक्षानं गेलो असतो तर भेटली असती. हे मी त्याला सांगितलं नाही. मामाचं बरोबर होतं. सगळ्यांनाच सगळं सांगता येत नाही.

मी म्हटलं, "शेठ, मेरा नाम उखर्डू है. आज से वही बुलाइए. फोन पर भी मैं वही बोलूँगा."

सेल्समननं खाली मान घातली. त्याचे खांदे हलत होते. मेहताजी म्हणाले, "अरे दीकरा, आवुं शुं करे छे?"

शेठ रागावला नाही. "देख, तू दुःख में है. महिनाभर घर बैठ, पगार चालू रहेगा. लेकिन धंधे में ऐसा नाम नहीं चलता."

मी उठून फोटोपाशी गेलो. अगरबत्ती कोणीतरी लावली होती, तिरकी. मी खालचं नाव मोठ्यानं वाचलं. "स्वर्गस्थ शेठ श्री कचरादास." मग विचारलं, "धंधा इन्होंने ही शुरू किया था ना?"

आता कोणी हसत नव्हतं. शेठनं फोटोकडे पाहून सवयीनं हात जोडले. मला वाटलं, आता याला काहीतरी वाटेल. लाज, राग, काहीतरी.

तो म्हणाला, "वो शेठ थे."

अगदी शांतपणे म्हणाला. लहान मुलाला बेरीज समजवावी तसं.

मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. नाक धरणारे गुरुजी, मार्केटातले सगळे गाळे, घाटावरचा उपरण्यात हसणारा माणूस, या सगळ्यांनी जे कधी सरळ सांगितलं नव्हतं ते यानं तीन शब्दांत सांगितलं. कचरा चालतो. तो भिंतीवर चढतो, त्याला चंदनाचा हार मिळतो. नोकराचा उकिरडा पार्टीसमोर झाकायचा असतो. मी इतकी वर्षं नावातली घाण शोधत होतो. ती नावात नव्हती. दोन्ही घरांतल्या आयांनी एकच काम केलं होतं. मेलेल्या मुलांनंतर एक मूल वाचवलं होतं.

"चाय पी ले," शेठ म्हणाला.

मी चहा घेतला नाही. टेबलाच्या खणातलं माझं पुस्तक आणि जेवणाचा डबा घेतला. जिना उतरताना शेठनं मागून हाक मारली, "उमेश!" मग आणखी एकदा. त्या जिन्यावर तेव्हा बरीच माणसं होती. त्यांच्यातला कोणी उमेश असेल तर त्यानं वळावं. मी वळलो नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. भेस्तानलाच राहतो. मुलांच्या शिकवण्या घेतो. दारावर पाटी आहे, तिच्यावर पूर्ण नाव आहे. नवीन मुलं पहिल्या दिवशी हसतात. त्यांचं हसून होईपर्यंत मी थांबतो, मग शिकवायला लागतो. लग्नाची दोन स्थळं नावावरून परत गेली. मामा म्हणाला, कागदावर तेवढं बदल. मी नाही म्हटलं. मला हाक मारायची असेल तर त्याच नावानं मारावी लागेल. पोस्टमननं, बँकेतल्या बाईनं, कोणीही.

संध्याकाळी घरी आलो की मी उंबऱ्याबाहेर थांबतो. नाव मीच घेतो, मोठ्यानं. ओ मीच देतो. मग कुलूप काढून आत जातो.