लेकीसोबत पाण्यात

मुलगी लष्कराच्या प्रशिक्षणासाठी चेन्नईला गेली त्याला साडेचार महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात तिने आम्हाला एकदाही खरं काही सांगितलं नव्हतं. दर रविवारी फोन यायचा. दहाएक मिनिटं मिळायची. "कशी आहेस?" "मस्त." "जेवतेस का नीट?" "खूप." "पाय दुखतात का गं?" "इथे कुणाचे दुखत नाहीत, अम्मी?" एवढं होईतो मागून कुणीतरी हाक मारायचं आणि फोन बंद. मग मी तिच्या अब्बांना सांगायची, मस्त आहे म्हणाली. ते मान डोलवायचे आणि उठून दुकानात जायचे.

आमचं घर सोलापूरच्या भवानी पेठेत. यांचं हैदराबाद रोडवर टायर-पंक्चरचं दुकान आहे. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. घरात आम्ही दखनी बोलतो, पण इथे सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण लिहायची सवय मला मराठीचीच आहे. ही आमची एकुलती एक. कॉलेजात असताना तिला अधिकारी व्हायचं वेड लागलं. पाच दिवसांच्या मुलाखतीत एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. पत्र आलं तेव्हा तीन दिवस हे दुकानात येणाऱ्या प्रत्येक ट्रक ड्रायव्हरला पेढा देत होते.

तर त्या रविवारी फोन आला आणि मी "कशी आहेस" विचारल्यावर ती 'मस्त' म्हणाली नाही. मग म्हणाली, "अम्मी, पाणी होईना माझ्याच्यानं."

मला वाटलं प्यायच्या पाण्याचं म्हणतेय.

"पोहायचं गं. पळणं झालं, दोरीवर चढणं झालं, पाठीवर ओझं घेऊन रात्रभर चालणं झालं. सगळ्यात पास झाले. पाण्यात गेलं की हातपाय चालत नाहीत. उंच फळीवरून उडी मारायची आणि पलीकडच्या टोकापर्यंत पोहत जायचं, एवढंच आहे. बाकीच्या मुली जातात. मी फळीवरून परत खाली उतरते."

"नाही झालं तर?"

"पुढच्या टर्ममध्ये पण नाही झालं तर मागच्या बॅचमध्ये टाकतात. सहा महिने मागे."

तिला तीन आठवड्यांची सुट्टी मिळणार होती. घरी येते, तेव्हा बघू, असं म्हणून मी फोन ठेवला. पण नंतर भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की ही भीती तिच्यात कुणी घातली ते मला चांगलं माहीत आहे.

ती आठ-नऊ वर्षांची असताना आम्ही नात्यातल्या लोकांबरोबर नातेपुत्याकडे एका बंधाऱ्यावर जेवण घेऊन गेलो होतो. बाकीची पोरं पाण्यात उतरली, तशी हीही उतरली. गुडघाभरच पाणी होतं. मी लांबून पाहिलं आणि किंचाळत धावत गेले, तिला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि सगळ्यांसमोर एक मुस्काटात दिली. पाण्याची भीती मला होती, तिला नव्हती. मला कुणी पोहायला शिकवलंच नव्हतं. सोलापुरात आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आमच्यासाठी पाणी म्हणजे पिंपात भरून झाकून ठेवायची वस्तू. त्यात माणूस जातो कशाला, हेच मला कधी कळलं नव्हतं.

मार्चअखेरीला ती आली. स्टेशनवर मी तिला आधी ओळखलंच नाही. केस कानाच्या वर, रंग दोन छटा काळा, आणि चालणं असं की यांना तिच्याबरोबर पळावं लागलं. घरी आल्यावर तिने चार भाकऱ्या आणि शेंगाचटणीची अर्धी बरणी संपवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली.

तिसऱ्या दिवशी हे बातमी घेऊन आले. शहरातल्या एका जुन्या पोहण्याच्या तलावावर दुपारी चार ते पाच बायकांची बॅच असते, शिकवायला बाईच आहेत, पुरुषांना आत सोडत नाहीत. यांनी नावही घालून ठेवलं होतं. माझी उन्हाळ्याची सकाळची शाळा सुरू झालेली, त्यामुळे दुपारी मी मोकळी होते. म्हटलं, मी सोबत येते.

शिकवणाऱ्या बाई पस्तिशीच्या असतील, खेड्यातल्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी मुलीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मिलिटरीत हाय व्हय? मग कशाला भ्यायचं? चल उतर की."

मुलगी शिडीने उथळ बाजूला उतरली. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. तिने काठाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि तिथेच उभी राहिली. बाई म्हणाल्या, तोंड पाण्यात घाल. तिने घातलं आणि लगेच बाहेर काढलं. पुन्हा घाल. पुन्हा तेच. शेजारी सात-आठ वर्षांच्या दोन पोरी बेडकांसारख्या उड्या मारत होत्या. पाठीवर ओझं घेऊन रात्रभर चालणारी माझी मुलगी दांड्याला चिकटून उभी होती, आणि मी काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पदर मुठीत आवळून बघत होते.

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी ती दांडा सोडून दोन पावलं आत गेली, माझ्याकडे वळून पाहिलं आणि परत आली. मग पाण्यातूनच म्हणाली, "अम्मी, तू घरी जा."

"का गं?"

"तुझं तोंड बघितलं की मला वाटतं मी आता मरणारच आहे."

बाई काठाकाठाने माझ्यापर्यंत आल्या. "ताई, खरं हाय तिचं. मी बी बगतीया चार दिवस. तुमी एक तर भायेर बसा, न्हायतर आत या. हितं बसून पोरीला भ्या दावू नका."

बाहेर यांची स्कूटर उभी होती आणि हे चहाच्या टपरीवर रोज तासभर बसत. मी बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसले. ते म्हणाले, "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मग म्हणाले, "तिथे चेन्नईला आपण काही करू शकत नाही. इथे पाणी आहे, ती आहे, तू आहेस." एवढंच. 'तू जा' असं काही ते म्हणाले नाहीत.

मी एक्कावन्न वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना बाजारात गेले आणि अंगभर येणारा, हाताला बाही आणि खाली पायघोळ तुमान असलेला पोहण्याचा पोशाख घेतला. दुकानदाराने विचारलं, मुलीसाठी का? मी हो म्हणाले. मापाला माझ्या अंगाला लावून बघितला तेव्हा तो दुसरीकडे बघू लागला.

नणंद आमच्या गल्लीतच राहते. तिला कळलंच. संध्याकाळी येऊन म्हणाली, "भाभी, ये उमर में पानी में उतरते क्या? लोगां क्या बोलेंगे?" मी म्हटलं, लोकांना आत सोडत नाहीत. ती हसली, पण जाताना पुन्हा म्हणाली, "संभाल के."

पोशाख घालून मी शिडीवर उभी राहिले तेव्हा मुलगी पाण्यात होती. माझ्याकडे बघून तिचं तोंड उघडंच राहिलं. मी एक पायरी उतरले. पाणी घोट्याला लागलं. दुसरी पायरी. तिसरी काही उतरता येईना आणि हे तिला दिसत असणार हेही मला कळत होतं. तेव्हा तीच पुढे आली. दांडा सोडून, पाण्यातून चालत आली आणि तिने हात पुढे केला. "ये, अम्मी. खाली जमीन आहे, मी बघितलीय."

बाईंनी आम्हा दोघींना शेजारी शेजारी उभं केलं. नाक धरा, डोकं आत, तोंडाने बुडबुडे सोडा. माझ्या नाकात पाणी गेलं, मी खोकले, मला शाळेतले सगळे वर्ग आठवले जिथे मी पोरांना 'एवढं सोपं येत नाही?' म्हणून ओरडले होते. मुलगी मला पाठीवर थोपटत होती आणि हसत होती. तलावावर इतक्या दिवसांत तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर रोज चार वाजता आम्ही दोघी पाण्यात. दांडा धरून पाय मारायचे. फळकूट धरून पाय मारायचे. माझे पाय जड, पाणी उडायचं फार आणि मी जायची वीतभर. एक दिवस यांनी दुकानातून स्कूटरची ट्यूब हवा भरून आणली आणि दारावरच्या मावशींच्या हाती आत पाठवली, माझ्यासाठी. बाईंनी ती तशीच परत पाठवली. "दादांना सांगा, हितं ट्यूब चालत न्हाय. पंक्चर काडायचं असलं तर या म्हनावं." सगळी बॅच हसली. बाहेर हे ट्यूब गळ्यात घालून बसले होते, असं नंतर टपरीवाल्याने सांगितलं.

नवव्या की दहाव्या दिवशी बाईंनी पाण्यावर उताणं पडायला शिकवलं. मानेखाली हात ठेवून म्हणाल्या, "अंग सोडा. आबाळ बगा." मी अंग सोडलं. त्यांनी हात काढून घेतला आणि मी तशीच राहिले. कानात पाणी भरलेलं, कुणाचा आवाज नाही, वर कडक निळं आभाळ आणि एक घार. बुडायचंच असेल तर आता बुडू, असा विचार आला आणि मी बुडले नाही. उभी राहिले तर मुलगी डोळे फाडून बघत होती.

"तुला कसं काय आलं?"

बाई म्हणाल्या, "त्यांच्या अंगावर चार भाकरी हायत की. तू नुसती हाडं आन् ताकद. ताकद लावू नगंस, तवा येईल तुला."

मुलीला ते लागलं. आई तरंगते आणि आपण नाही! त्या दिवशी वेळ संपली तरी ती बाहेर येईना. बाईंनी दोनदा शिट्टी वाजवली. तिसऱ्यांदा वाजवायच्या आधी ती उताणी पडली, पाय थोडे खाली गेले, पुन्हा वर आले, आणि ती राहिली. मी ओरडले नाही. तोंडावर हात ठेवून उभी राहिले, न जाणो माझ्या आवाजाने बुडेल म्हणून.

पुढचं तिचं तिने भराभर शिकून घेतलं. हात मारणं, श्वास घेणं, या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबी काढणं. अठराव्या दिवशी बाई तिला खोल बाजूच्या फळीकडे घेऊन गेल्या. मी उथळ बाजूला पाण्यातच उभी होते. ती वर चढली, टोकापर्यंत गेली, खाली बघितलं, मागे आली. पुन्हा पुढे गेली. मग माझ्याकडे बघितलं. माझं तोंड कसं होतं कोण जाणे, पण मी दोन्ही हात पाण्याबाहेर काढून हलवले. तिने नाक धरलं आणि उडी मारली. ती वर येईपर्यंतचा वेळ मी मोजला नाही. वर आली, खोकली, आणि वेडेवाकडे हात मारत थेट माझ्यापर्यंत आली.

"आता तू," ती म्हणाली.

मी काही उडी मारली नाही. बाईंनीही आग्रह केला, तरी नाही. मी शिडीने खोल बाजूला उतरले, दांडा धरून थोडा वेळ लोंबकळले आणि वर आले. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

ती गेली. पुन्हा रविवारचे फोन सुरू झाले, पण आता ते बदलले होते. ती सांगायची: आज टाचेला फोड आले, आज सगळ्यांसमोर ओरडा खाल्ला, आज रडले, मग जेवले. ऐकून जीव कासावीस व्हायचा, तरी ते 'मस्त'पेक्षा बरं वाटायचं. पोहण्याच्या परीक्षेत पहिल्यांदा ती नापासच झाली. उडी मारली, पण अर्ध्यात काठ धरला. पुढच्या रविवारी फोन आला, तेव्हा हे दुकान टाकून घरीच बसले होते.

"झालं," ती म्हणाली. "मधे दम लागला, तेव्हा उताणी पडून राहिले थोडा वेळ. मग पुढे गेले. सर ओरडत होते, पण चालतं म्हणे."

यांनी माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला आणि परत माझ्या हातात दिला.

सप्टेंबरमध्ये आम्ही चेन्नईला गेलो. नणंदही आली, हट्टाने. परेड झाली. एवढ्या सारख्या पोशाखातल्या मुलामुलींमध्ये आमची कुठली ते शेवटपर्यंत कळलं नाही. एकाच मुलीकडे बघून आम्ही तिघं टाळ्या वाजवत होतो, ती दुसऱ्याच कुणाची तरी निघाली. तिची आई नंतर भेटली, मणिपूरची होती, तिला आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला तिची. आम्ही एकमेकींचे हात धरून उभ्या राहिलो. मग खांद्यावर तारे लावायची वेळ आली. यांची बोटं टायरच्या कामाने जाड झालेली, त्यात ती पिन काही धरली जाईना. मुलगी ताठ उभी, डोळे समोर, आणि ओठ न हलवता म्हणाली, "अब्बा, घाई नाही." एक बाजू त्यांनी लावली, एक मी.

तिला हजर व्हायला थोडे दिवस होते, म्हणून ती आमच्याबरोबर घरी आली. गाडीत बसल्याबरोबर खालच्या बाकावर आडवी झाली आणि झोपली ती झोपलीच. इडलीवाले गेले, चहावाले गेले, नणंदेने दोनदा हाक मारली. सकाळी रायचूर मागे पडलं, वाडी आलं, तरी तिने कूस बदलली नाही. तिकीट तपासनीस आला तेव्हा यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि चौघांची तिकिटं पुढे केली. तो तिच्या केसांकडे आणि बाकाखालच्या, तिचं नाव आणि हुद्दा रंगवलेल्या काळ्या पेटीकडे बघून हळूच म्हणाला, "झोपू दे त्यांना."

'त्यांना' म्हणाला, हे आम्ही दोघांनीही ऐकलं. खिडकीबाहेर तुरीची शेतं सुरू झाली होती. मी पिशवीतून केळी काढली, एक यांना दिलं, एक मी खाल्लं, आणि आम्ही सोलापूर येईपर्यंत तिच्याकडे बघत बसलो.