आधी चिठ्ठी, मग सामान

बस दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांना सगळे स्टोअरबाई म्हणत. सुट्या भागांच्या कोठाराला एक जाळीची खिडकी होती आणि त्या खिडकीमागे त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. त्यांचा नियम एकच: चिठ्ठीशिवाय एक नटसुद्धा हलणार नाही. खुद्द मोठे साहेब एकदा रिकाम्या हाताने पट्टा मागायला आले, तर बाईंनी त्यांच्यापुढेही कागद-पेन सरकवलं. दुसरी खोड प्रश्नांची. हे बेअरिंग गेलं कसं, घासलं कुठल्या अंगाने, मागच्या महिन्यात बसवलं तेच का हे? सामान हातात पडेपर्यंत फिटरची पुरती उलटतपासणी व्हायची. "बाई, सामान न्यायला आलोय, जबानी द्यायला नाही," असं म्हणत तो उत्तरं मात्र देत राहायचा, कारण इतक्या आस्थेने दुसरं कोणी विचारत नसे.

मग वरून हुकूम आला. खिडकी बंद होणार, प्रत्येक भागावर बारकोड चिकटणार. बारकोड छापणारे छोटे प्रोग्रॅम कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिथल्या तिथे तयार करावे लागणार होते. कोठारातल्या तिघांना तीन महिन्यांचा वर्ग, शेवटी परीक्षा. पास होईल तो इथेच राहील, नापास होईल त्याची पाच तासांवरच्या कारखान्यात बदली.

बाईंना बदलीची धास्ती होती ती वडिलांपायी. चार वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. तेव्हापासून त्यांनी घर पावलांनी पाठ केलं होतं. जिना उतरून खालच्या बाकापर्यंत ते एकटे जात, कोणाचा हात धरत नसत. नव्या घरात हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, या वयात! "नापास झाले तर बदली आहे, बाबा," असं बाईंनी एकदा सांगितलं होतं. ते नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये बाईंना धास्तीच ऐकू आली आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

वर्गात काळा पडदा आणि त्यावर टाइप करायच्या ओळी. माउसला सुट्टी. शिकवणारा मास्तर बाईंच्या भाच्याच्या वयाचा होता. त्याने सांगितलं की सगळं आपणच लिहायचं नसतं; दुसऱ्यांनी आधी लिहून ठेवलेलं काम तयार मिळतं, त्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. आपला प्रोग्रॅम आणि ती लायब्ररी एका हुकमात जोडायची की काम झालं.

"पण ते जोडतं कोण? आणि कसं?" बाईंनी विचारलं.

"जोडणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो, मॅडम. तुम्ही एवढी ओळ पाठ करा."

बाकी दोघांनी ओळ घोकली. बाईंच्या डोक्यात मात्र तो जोडणारा जाऊन बसला. भाजी चिरतानासुद्धा त्या त्याचाच विचार करायच्या. तो लायब्ररी सगळी उचलतो की लागेल तेवढीच? त्याला कळतं कसं, काय लागेल ते?

परीक्षेत वह्या बंद होत्या आणि लायब्ररी नवी होती, बारकोडच्या रेघा काढणारी. वेळ एक तास. बाईंनी प्रोग्रॅम लिहिला, तपासला आणि जोडणीचा हुकूम टाइप केला. स्वयंपाकाला लागण्याआधी सामान काढून ठेवावं, या घरच्या सवयीने त्यांनी लायब्ररीचं नाव आधी लिहिलं आणि आपल्या फाइलचं नंतर. एंटर दाबलं. पडद्यावर तक्रारींची रांग लागली: रेघा काढण्याचं अमुक काम मागितलंय, ते कुठेच सापडत नाही.

बाईंनी स्पेलिंग पाहिलं, बरोबर. लायब्ररीचा फोल्डर पाहिला, तोही बरोबर. शेजारच्या सहकाऱ्याचा प्रिंटर खर्रकन चालला आणि तो हात झटकून उठला. वीस मिनिटं उरली.

तेवढ्यात नेहमीची खोड जागी झाली. बघू तरी, चुकीचं नाव दिलं तर हा काय म्हणतो? त्यांनी मुद्दाम लायब्ररीचं नाव बिघडवलं. आता तक्रार निराळी आली: अशी लायब्ररीच नाही. म्हणजे मघाशी लायब्ररी त्याला सापडली होती! उघडूनही पाहिली होती. तरी त्याने आतलं काही घेतलं का नाही?

बाईंनी ओळ डावीकडून उजवीकडे बोटाने वाचली. आधी लायब्ररी. त्या क्षणी कोणी काही मागितलेलंच नव्हतं. त्याने कपाट उघडलं, मागणी शून्य, कपाट बंद केलं आणि पुढे गेला. मागणी करणारी फाइल आली ती नंतर, आणि हा पठ्ठ्या काही मागे वळत नाही.

"अगं बाई, हा तर माझ्यासारखाच आहे!" त्या मोठ्याने म्हणाल्या. मास्तर दचकला. बाईंनी फाइलचं नाव आधी घेतलं, लायब्ररीचं नंतर. चिठ्ठी आधी, सामान मग. एंटर दाबल्यावर पडदा गप्प राहिला, आणि प्रिंटरमधून काळ्या रेघांची चिठ्ठी बाहेर आली.

"पाठ होती ना ओळ?" मास्तरने विचारलं.

"नव्हती," त्या म्हणाल्या आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. मास्तरने ते आपल्या वहीत उतरवून घेतलं. निकाल तिथेच लागला: तिघेही पास.

बाई त्या संध्याकाळी जिना धावतच चढल्या. बाबा पलंगावर बसले होते. शेजारी चेन लावलेली बॅग होती.

"पास झाले, बाबा! बदली टळली. कुठेही जायचं नाही आता."

"वा. छान झालं," बाबा म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता, आणि एवढी आनंदाची बातमी ऐकूनही हात बॅगेवरच राहिला.

"ही कशाला भरलीत?"

"आठवडा झाला भरून, पलंगाखाली होती. आपली आपणच भरली, सदरे घड्या घालून." ते ओशाळून हसले. "तिकडे, बदलीच्या गावी, नदीवर लोखंडी पूल आहे म्हणे. तुमच्या कारखान्यातला फिटर खाली बाकावर भेटला, तो सांगत होता. पुलावर चाललं की पायाखालून आवाज येतो. म्हटलं, बघावं एकदा. इथलं सगळं पाठ झालंय गं."

बाईंनी बॅगेची चेन उघडून पाहिली. तीन महिने त्या ज्याला घाबरल्या, त्याचीच हे वाट पाहत होते.

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू विचारलंस कुठे?"

स्टोअरबाईंना रडू आलं. ते त्यांनी लपवलंही नाही. मग पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आवाज येतो म्हणजे नेमका कसा येतो, बाबा?" आणि बाबा लेकीला जवळ बसायला जागा करून देत सरकले.