आधी सॅम्पल, मग चहा

सरांनी माझी पीएचडी चहात बुडवली होती.

बाहेरही त्यांनीच काढली. आज शेख सरांना, माझ्या गाइडना, जाऊन वर्ष झालं. म्हणून सांगते.

माझा विषय एक जनुक. पेशीत साखर जाळून ताकद देणारं एन्झाइम ते बनवतं. कातडीला जखम झाली की काठावरच्या पेशी ते जोरात चालू करतात, असा आमचा अंदाज.

तुलनेला जखम नसलेली कातडी हवी. ऑपरेशनमधून उरलेली, पेशंटच्या परवानगीनं मिळायची. सर स्वतः स्कूटरवर आणायचे.

पण त्या धडधाकट कातडीतही जनुक चालूच. दर वेळी.

फरक नाही म्हणजे थिसिस नाही. मी गावी, शेंद्र्याला, घरी फोन केला, "बॅग भरते."
वडील म्हणाले, "ये. पण सरांना इचारून ये."

विचारायला गेले तर सर कपाळाला हात लावून हसत बसलेले.

"बेटा, येताना मी टपरीवर थांबतो ना. गप्पा होतात."

"मग?"

"अगं, कातडीला काय ठाऊक तू तिला धडधाकट म्हणतेस? तिला सुरी लागली, म्हणजे जखमच. मी चाय पीत बसलो, अन् ती बिचारी डब्यात कामाला लागली."

दुसऱ्या दिवसापासून सर द्रव नायट्रोजनचं कॅन घेऊन थेट ऑपरेशन थिएटरच्या दारात. कातडी हातात आली की तिथंच गोठवायची.

तसलं कॅन आमच्याकडं गुरांच्या डॉक्टरकडं असतं. वॉचमननं विचारलं, "साब, म्हशीचं ऑपरेशन हाय काय?"

सर गंभीर चेहऱ्यानं, "व्हय. लई नाजूक हाय."

आणि रिझल्ट येईपर्यंत टपरी बंद. चहावर जगणारा माणूस हा. चिडचिड आम्ही सोसली.

लगेच गोठवलेल्या कातडीत जनुक शांत. तीच कातडी थांबवून ठेवली की चालू.

मी लॅबमध्येच रडले.

"रडणं नंतर," सर म्हणाले. "आधी चाय."

आज सकाळी तेच कॅन घेऊन मी त्याच दारात होते. वॉचमन नवा, प्रश्न तोच. मी म्हणाले, "व्हय, लई नाजूक हाय." आणि डोळे भरून आले.

सर, सॅम्पल गोठवलंय. आता टपरीवर बसलेय, उठायची घाई नाही.

जखम काठाकडून भरत येते, तुम्हीच शिकवलंत.
काठ तेवढा भरलाय.

सलाम, सर.