तिच्या तळहातावर

धारुरात गाठीचा ताप शिरला तेव्हा निजाम सरकारच्या हुकुमाने सगळा कसबा बाहेरच्या माळावर झोपड्यांत राहायला गेला. आम्ही लिंगायत वाणी. दुकानाला कुलूप घालून सासूबाई, मालक आणि मी निघालो. आठवड्याच्या आत मालकांच्या जांघेत गाठ आली. सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हते, म्हणजे करणारी मी एकटी. तेवढ्यात माझ्या गळ्यातले लिंग हरवले.

आमच्यात जन्मल्यापासून गळ्यात लिंग असते. रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात पाणी. हरवले तर सापडेपर्यंत, नाहीतर आमचे गुरू जंगमस्वामी दुसरे देईपर्यंत, अन्न नाही की पाणी नाही. दोरा झिजलेला मला दिसत होता. आज बदलू, उद्या बदलू करत मी तो तसाच ठेवला. विहिरीवर वाकून पोहरा ओढताना तो तुटला आणि चांदीच्या डबीसकट लिंग पाण्यात गेले. चूक माझीच.

बुडालेले पोहरे काढायचा लोखंडी गळ संध्याकाळपर्यंत फिरवला. शेजारच्या झोपडीतला एक माणूस आत उतरला, चिखल चाचपून रिकाम्या हाताने वर आला. स्वामी कपिलधारला, आणि तापामुळे वाटेवर नाके बसलेले. दुसऱ्या दिवशी फाल्गुनातल्या उन्हात माझी जीभ टाळूला चिकटली. सासूबाई म्हणाल्या, "पाणी पी गं. तू पडलीस तर त्याच्या तोंडात पाणी कोण घालंल?" बोलणे खरे होते. तरी मी पाणी घेतले नाही. ती सगळी भक्ती होती असे म्हणणार नाही, निम्मा हट्ट होता. मालकांना पाजताना मनात येई, इतकी वर्षे पूजा केली, तिला फळ कोणते आले? एका दोऱ्याबरोबर देव निसटावा इतकाच का तो माझा होता?

विहिरीपासून वीसेक पावलांवर भागा घागर घेऊन बसलेली असे. महारवाड्याच्या झोपड्या ओढ्यापलीकडे होत्या. त्यांनी विहिरीला हात लावायचा नाही, कोणीतरी पाणी ओढून वरून त्यांच्या घागरीत ओतायचे, अशी रीत. मी आपले धुणे, भांडी उरकल्यावरच ओतायची. भागाची जीभ तिखट. "वाणीणबाई, तुमचं उरकस्तवर माझी घागर म्हातारी व्हायली," असे ती दुरून म्हणायची आणि मी ऐकून न ऐकल्यासारखे करायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा ती काही बोललीच नाही. ओठ पांढरे पडले होते. किती वेळची बसली होती कोण जाणे. इतके दिवस मी तिला पाहत होते, पण तिची तहान मला त्या दिवशी दिसली, कारण तीच माझ्या घशात होती. माझी घागर बाजूला ठेवून मी पहिला पोहरा तिच्यासाठी ओढला. पाणी तळाला गेले होते, पोहरा चिखलाला घासून वर आला. तो ओतताना घागरीत काहीतरी ठक्कन पडले.

भागाने आत हात घातला. बाहेर काढला तेव्हा तळहातावर माझी डबी होती, झाकण निघालेले, आत लिंग. ती जागच्या जागी थिजली. लिंग भुईवर ठेवायचे नसते हे तिला ठाऊक होते आणि मला शिवायचे नाही हेही. पाण्याला आलेल्या बायका थांबून पाहू लागल्या.

"वाणीणबाई," ती हळूच म्हणाली, "भुईवर ठिवू का हातात दिऊ?"

दोन दिवसांत त्या विहिरीत किती पोहरे पडले असतील, आणि लिंग वर आले ते तिच्यासाठी ओढलेल्या पोहऱ्यात. माझ्या अंगावर काटा आला.

"हातात दे," मी म्हणाले.

तिची बोटे माझ्या तळव्याला लागली. थंड, ओली. पोहरा रिकामा होता म्हणून तिनेच घागर कलती केली. मी तिला आधी पी म्हटले. ती प्याली, मग मी लिंगावर पाणी घातले आणि तेच ओंजळीने प्याले.

काही बायकांनी माझ्याशी बोलणे टाकले. सासूबाईंना सगळे सांगितले तर त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, मला दिसत न्हाई," आणि माझ्याच हातून भाकरी मागून घेतली. मालकांची गाठ फुटली, ते वाचले. शेजारच्या झोपडीतल्या आजींनी जन्मात एक पूजा चुकवली नव्हती, त्या गेल्या. असे का, ते मी विचारत बसत नाही. माळावर होतो तोवर पहिला पोहरा ओढ्यापलीकडच्या घागरींत पडत राहिला, आणि तो ओतताना मला कधी जड वाटले नाही. माझ्यासारख्या हट्टी बाईत हे कुठून आले, मला सांगता येणार नाही.

आजही सकाळी लिंग हातावर घेते तेव्हा शहारा येतो. गळ टाकून ज्याला शोधत होते तो मला सापडला नाही. तो आधी तिच्या तळहातावर बसला आणि तिथून मला मिळाला. त्याने कुठे बसावे हे आता मी ठरवत नाही. मी हात तेवढा पुढे करते.